दोर धरणारा फोटोत दिसत नाही

प्रस्तरारोहणाचे जुने फोटो आणि चढाईचं जुनं सामान यांबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा, असं मी मागच्या अंकात म्हटलं होतं. इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना इथे उत्तर देणं शक्य नाही, म्हणून इतरांच्याही उपयोगी पडतील असे प्रश्न निवडले आहेत. एक विनंती मात्र सगळ्यांनाच आहे. फोटो एका कपाटात आणि सामान दुसऱ्या खोलीत अशी ताटातूट करू नका. सामानावरून फोटोचं वय कळतं आणि फोटोवरून सामानाची ओळख पटते. पुढच्या जवळजवळ प्रत्येक उत्तरात हे पुन्हा येणार आहे.

प्रश्न : बाबांच्या पेटीत चढाईचे बरेच कृष्णधवल फोटो आणि थोड्या स्लाइड्स सापडल्या. मागे काहीच लिहिलेलं नाही आणि विचारायला आता बाबा नाहीत. हे फोटो कुठल्या काळातले, हे कसं ओळखायचं?

उत्तर : चेहरे जरा बाजूला ठेवा आणि भिंग घेऊन आधी दोर बघा. दोराच्या अंगावर तिरपा पीळ दिसतोय का, म्हणजे तीन पदर एकमेकांभोवती वळलेले? की बाहेरून गुळगुळीत, बारीक विणीचा आहे? दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नायलॉन येईपर्यंत दोर हेम्प किंवा मनिला अशा वनस्पतींच्या धाग्यांचे असायचे. नायलॉनचे पहिले दोरही पिळाचेच होते. आत लांबच लांब धाग्यांचा गाभा आणि वरून विणलेलं कवच, ही आजची रचना एडेलरिड या जर्मन कंपनीने १९५३ साली आणली. म्हणजे विणीचा दोर दिसला की फोटो त्याआधीचा नाही, एवढं पक्कं. उलटं मात्र खरं धरू नका. पिळाचे नायलॉन दोर त्यानंतरही कित्येक वर्षं वापरात होते.

मग कमर बघा. दोर थेट कमरेला बांधलेला असेल तर काळ जुना. रुंद पट्टी कमरेभोवती चार-पाच वेळा गुंडाळून त्यात दोर ओवलेला असेल तर बहुधा साठ-सत्तरचं दशक. मांड्यांनाही पट्टे असलेला हार्नेस १९७० नंतर सर्रास दिसायला लागतो. ब्रिटिश आरोहक डॉन व्हिलन्स यांनी त्या वर्षीच्या अन्नपूर्णा दक्षिण कड्याच्या मोहिमेसाठी ट्रोल कंपनीबरोबर बसता येईल असा हार्नेस तयार केला आणि तोच पुढे दुकानांत आला.

पायांकडेही नीट लक्ष द्या. जाड तळाचे, खोल खाचांचे बूट असतील तर ते विब्रामचे किंवा त्या वळणाचे. १९३५ मध्ये पुंता राझिका या शिखरावर सहा इटालियन आरोहक दगावले, त्यानंतर व्हिताले ब्रामानी यांनी हा रबरी तळवा तयार केला. त्याआधी बुटांना लोखंडी खिळे मारलेले असत. घोट्यापर्यंतचा कापडी बूट आणि त्याला सपाट काळा रबरी तळ असेल तर फ्रेंच पीए किंवा ईबी हे बूट आठवा. सत्तरच्या दशकात ईबी घातलेले पाय जवळजवळ प्रत्येक फोटोत दिसतात. चिकट रबराचे ‘बोरियल फिरे’ हे बूट ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आले आणि ईबी मागे पडले. कमरेला मागे छोटी पिशवी आणि बोटांवर पांढरी पूड दिसली तर ती खडूची. जिम्नॅस्टिक्समधला खडू अमेरिकन आरोहक जॉन गिल यांनी पन्नासच्या दशकातच कातळावर आणला होता, पण सगळीकडे पसरायला सत्तरचं दशक उजाडलं.

स्लाइड्सचं काम सोपं. कोडॅककडे धुतलेल्या कित्येक स्लाइड्सच्या पुठ्ठ्याच्या चौकटीवर महिना आणि वर्ष छापलेलं किंवा दाबून उठवलेलं असतं. ती तारीख धुलाईची असते, हे लक्षात ठेवा. रोल संपेपर्यंत कॅमेऱ्यात पडून राहायचा, त्यामुळे चढाई चार-सहा महिने आधीचीही असू शकते.

हे सगळं जमवलं की पाच-सात वर्षांच्या टप्प्यात फोटो बसतो. आता त्याच पेटीतलं सामान काढा. फोटोत बाबांच्या खांद्याला लटकलेला हातोडा आणि पेटीतला हातोडा एकच आहे का, दांडा बघून ताडून पाहा. तो जुळला की बाकीच्या गोष्टी भराभर जुळायला लागतात.

प्रश्न : ताई, एका फोटोत माझी आई कड्याच्या माथ्यावर पाय रोवून बसली आहे. दोर तिच्या पाठीमागून कमरेभोवती आलाय आणि दोन्ही हातांत धरलाय. हार्नेस नाही, काही यंत्र नाही. ती नक्की काय करते आहे? आणि हे सुरक्षित होतं का?

उत्तर : तुमची आई बिले देते आहे, म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळते आहे, आणि तुमच्याकडे फार दुर्मीळ फोटो आहे. चढाईचे हजारो फोटो मी पाहिले असतील. त्यांत चढणारा असतो, कडा असतो, आभाळ असतं. दोर मात्र फोटोच्या कडेतून बाहेर जातो आणि तो धरणारं माणूस कधीच दिसत नाही. १९६१ साली अमेरिकेत योसेमिटीतल्या एल कॅपिटन या कड्यावरचा सालाथे वॉल हा मार्ग रॉयल रॉबिन्स, चक प्रॅट आणि टॉम फ्रॉस्ट यांनी पहिल्यांदा सर केला. त्या चढाईचे जे अप्रतिम फोटो आपण बघतो ते फ्रॉस्ट यांचे. म्हणून फ्रॉस्ट स्वतः त्यांत फारसे नाहीत. दोर धरणारा आणि कॅमेरा धरणारा, दोघेही इतिहासाबाहेर राहतात. तुमची आई राहिली नाही.

आता ती काय करते आहे ते सांगते. खालून कुणीतरी चढतंय. तो जसजसा वर येतो तसतशी ती ढिली पडलेली दोरी ओढून घेते. तो घसरला तर दोर तिच्या पाठीवर आवळला जातो, आणि ज्या हाताकडून मोकळा दोर निघतो तो हात ती पोटासमोर आडवा आणते. पाठ, कंबर आणि हात यांवरच्या घर्षणाने माणूस थांबतो. फोटोत तिच्या मागे बघा, कमरेपासून एक ताणलेला दोर एखाद्या सुळक्याला, झाडाला किंवा पिटॉनला, म्हणजे भेगेत ठोकलेल्या लोखंडी खिळ्याला, गेलेला दिसेल. तो तिचा अँकर. तो ताणलेलाच असायला हवा, ढिला असेल तर झटक्यासरशी ती स्वतः ओढली जाईल. हातांत चामड्याचे मोजे असतील तर तेही बघून ठेवा.

मीही सुरुवातीला असाच बिले द्यायला शिकले. दिवसभर दोर घासून स्वेटरच्या पाठीवर एक गुळगुळीत, चकाकणारी पट्टी पडायची. कोण किती बिले देतं ते पाठीवरून कळायचं. खालचा माणूस काय करतोय ते दिसत नसलं तरी दोरातून कळतं. थबकला, पाय बदलला, मोठा होल्ड हाताला लागला, सगळं. दोर अडकवायची धातूची पट्टी, फ्रिट्झ श्टिश्ट यांच्या नावाने ओळखली जाणारी, १९७०च्या आसपास आली आणि हळूहळू पाठीवरचा बिले गेला. जायलाच हवा होता. कुणी जोरात पडलं तर हात भाजत, दोर सुटत असे.

सुरक्षित होतं का? वरून दोर असलेल्या माणसासाठी बऱ्यापैकी. पुढे चढणाऱ्यासाठी अजिबात नाही. कमरेच्या दोरावर लोंबकळत राहिलं तर छाती-पोट आवळून काही मिनिटांतच श्वास कोंडतो. हेम्पचा दोर मोठ्या झटक्याला तुटायचा. १८६५ मध्ये मॅटरहॉर्न पहिल्यांदा सर करून उतरताना दोर तुटला आणि सातांपैकी चौघे गेले. त्या दोराचा तुकडा आजही झरमॅटच्या संग्रहालयात आहे. म्हणून त्या पिढीचा एकच नियम होता की पुढच्याने पडायचंच नाही. तुमच्या आईचे जे फोटो पुढे चढतानाचे असतील ते हे लक्षात ठेवून बघा. ती किती सावकाश, किती तोल सांभाळून चढत असेल.

आई असतील तर आजच त्यांना विचारा, त्या दोराच्या दुसऱ्या टोकाला कोण होतं. ते नाव फोटोमागे लिहा.

प्रश्न : माझा १९८७ सालचा दोर अजून नवाकोरा दिसतो, दोन-तीनदाच वापरलाय. मुलीला सरावासाठी देऊ का? दोर अडकवायच्या कड्या म्हणजे कॅरॅबिनर, आणि आधारासाठी भेगेत बसवायचे ‘फ्रेंड’सुद्धा आहेत.

उत्तर : दोर देऊ नका. स्लिंग म्हणजे पट्टीचे फास नाहीत, जुना हार्नेसही नाही. नायलॉन नुसतं पडून राहिलं तरी जुनं होतं, आणि उत्पादक एकदाही न वापरलेल्या दोराला साधारण दहा वर्षांची मर्यादा घालतात. त्यातून बॅटरीतलं आम्ल किंवा त्याची वाफ लागली असेल तर दोर वरून जसाच्या तसा दिसतो आणि आतून कुजलेला असतो. डोळ्यांनी कळत नाही, हातांनीही कळत नाही.

कॅरॅबिनरची गोष्ट थोडी वेगळी. धातू नुसत्या वयाने मरत नाही. पण दार अडखळत असेल, नाकाशी झिजून धार आली असेल, अॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरली असेल तर तो संपला. अंगावर ताकद किलोग्रॅममध्ये लिहिलेली असेल तर तो जुन्या काळचा. आता किलोन्यूटनमध्ये लिहितात. मुलीच्या जिवाखाली ठेवायला मी त्यातला एकही देणार नाही.

फ्रेंडचा दांडा बघा. तो एकसंध, ताठ, अॅल्युमिनियमचा असेल तर ते अमेरिकन आरोहक रे जार्डिन यांच्या मूळ रचनेचे आहेत. इंग्लंडमधल्या वाइल्ड कंट्रीने ते १९७८च्या सुमारास विकायला काढले. आडव्या भेगेत हा ताठ दांडा कडेवर टेकून वाकायचा किंवा तुटायचा, म्हणून जाणते लोक डोक्याजवळच्या भोकात दोरीची छोटी गाठ मारून त्यातच कॅरॅबिनर अडकवायचे. तुमच्या फ्रेंडला तशी झिजकी दोरी असेल तर ती कापून टाकू नका. ती कुणीतरी विचार करून बांधलेली आहे. मुलीला दोर नवा घेऊन द्या आणि हे फ्रेंड हातात घेऊन दाखवा. दट्ट्या ओढून पाकळ्या मिटतात आणि सोडल्या की उघडतात, हे बघितलं की तिला भेगेत फ्रेंड बसतो कसा ते आपोआप कळेल. त्या पाकळ्यांचा बाक असा आहे की भेग रुंद असो की अरुंद, दगडाशी होणारा कोन तोच राहतो.

प्रश्न : आजोबांच्या सामानात षट्कोनी लोखंडी नट आहेत, साधे यंत्राला असतात तसे, पण दोरीत ओवलेले. हे चढाईचं सामान आहे की गॅरेजमधलं चुकून मिसळलंय?

उत्तर : एक नट हातात घ्या आणि भोकातून बोट फिरवा. आटे लागतात का? गुळगुळीत लागलं, आटे कानशीने किंवा ड्रिलने काढून टाकलेले असतील, तर ते चढाईचंच आहे. आटे ठेवले तर दोरी कापली जाते, म्हणून ते काढावे लागत. यंत्रासाठीच्या नटाचे आटे मुद्दाम कुणी काढत नाही. तुमच्या पत्रासोबतच्या फोटोत दोरीही भोकातून जाऊन गाठलेली स्पष्ट दिसते आहे. मला जराही शंका नाही.

मला या सगळ्या इतिहासातलं हेच पान सगळ्यात जास्त आवडतं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. इंग्लंड-वेल्समध्ये कातळात लोखंड ठोकणं फारसं मान्य नव्हतं. भेगेत अडकलेल्या दगडाला दोरी घालून आधार घ्यायची पद्धत जुनीच. मग लोक खिशात गोटे घेऊन जायला लागले आणि भेग सापडली की गोटा आत कोंबायला लागले. वेल्समधल्या स्नोडन डोंगरावर ‘क्लॉगी’ नावाचा मोठा कडा आहे. तिकडे जायची वाट डोंगरावर जाणाऱ्या छोट्या रेल्वेच्या बाजूने जाते. रुळांजवळ पडलेले नट उचलायचे, दोरीत ओवायचे आणि भेगेच्या अरुंद होत जाणाऱ्या भागात अडकवायचे. गोट्यापेक्षा हलके, वेगवेगळ्या मापांचे, आणि ओवायला भोक तयार. साठच्या दशकाच्या सुरुवातीला मुद्दाम चढाईसाठी घडवलेले मोॲकसारखे पाचरीच्या आकाराचे नट निघाले.

तिकडे अमेरिकेत योसेमिटीत पिटॉनचं राज्य होतं. जॉन सालाथे या स्विस लोहाराने चाळीसच्या दशकात कठीण पोलादाचे पिटॉन घडवले होते. युरोपातले मऊ लोखंडाचे पिटॉन भेगेच्या आकारात दबून बसत आणि तिथेच राहत. सालाथेंचे काढून पुन्हा ठोकता येत. मोठ्या भिंती चढायला हेच हवं होतं, पण त्याचा परिणाम असा झाला की एकाच भेगेत हजारदा पिटॉन ठोकला आणि काढला गेला, आणि कातळ फुटायला लागला. सेरेनिटी क्रॅक नावाची तिथली चढाई बघा. आज चढणारे ज्या खळग्यांत बोटं घालतात ते पिटॉनने पाडलेले आहेत.

रॉयल रॉबिन्स १९६६ मध्ये ब्रिटनला गेले, तिथे नट पाहिले आणि पुढच्या वर्षी पत्नी लिझ यांच्यासोबत योसेमिटीत एकही पिटॉन न ठोकता नवी वाट चढले. तिचं नाव नटक्रॅकर. इव्हॉन श्विनार्ड तर स्वतः लोहारकाम शिकून पिटॉन घडवणारे आणि विकणारे, त्यांचा धंदाच पिटॉनवर उभा. त्यांनी आणि टॉम फ्रॉस्ट यांनी १९७२च्या कॅटलॉगमध्ये पिटॉनमुळे कातळाचं काय होतंय ते उघड लिहिलं, आणि त्यातच डग रॉबिन्सन यांचा नटांनी चढण्यावरचा लांबलचक लेख छापला. स्वतःच्या पोटावर पाय देणारं असं कॅटलॉग मी दुसरं पाहिलेलं नाही. १९७३ मध्ये ब्रूस कार्सन आणि श्विनार्ड हातोड्याशिवाय एल कॅपिटनवरचा ‘नोज’ हा मार्ग चढले. त्याच वर्षीच्या योसेमिटीतल्याच हाफ डोम कड्यावरच्या हातोड्याशिवायच्या चढाईचे गेलन रॉवेल यांचे फोटो जून १९७४च्या नॅशनल जिऑग्राफिकमध्ये आले, आणि मग सगळ्या जगाने पाहिलं.

तेव्हा आजोबांचे नट जपा. त्यातल्या दोरीच्या गाठी सोडू नका. गाठ ही आजोबांच्या हातची आहे, नट कारखान्याचा.

प्रश्न : पिटॉनना गंज चढलाय. घासून चकचकीत करून भिंतीवर लावावेत म्हणते.

उत्तर : चकचकीत करू नका. पिटॉनचं डोकं बघा, हातोड्याच्या घावांनी ते कडेला फुललं असेल. पात्यावर दगडाचे ओरखडे असतील. कॅरॅबिनर अडकवायच्या भोकाजवळ कुठेतरी घडवणाऱ्याचा ठसा असेल. सँडपेपर किंवा तारेचा ब्रश चालवला की सगळ्यात आधी तो ठसा जातो. सुटा गंज कोरड्या नायलॉन ब्रशने झाडा, हलक्या तेलाचा हात फिरवून कपड्याने पूर्ण पुसून घ्या. त्यावर मेणाचा पातळ थर दिलात तर हवेतली ओल लागणार नाही. फुललेल्या डोक्याच्या कडा धारदार असतात, हात सांभाळा. लाकडी दांड्याच्या हातोड्याला किंवा आइस अॅक्सला जवसाच्या तेलाचा हात पुरतो.

आणि भिंतीवर लावायचेच असतील तर ज्या फोटोत ते पिटॉन दिसतात तो फोटो शेजारी लावा. मूळ फोटो नव्हे, त्याची प्रत. मूळ फोटोवर उजेड पडू देऊ नका.

प्रश्न : स्लाइड्स लालसर झाल्या आहेत, काहींवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी आहे. ओल्या कापसाने पुसू का?

उत्तर : पाणी अजिबात लावू नका. बुरशी लागलेला जिलेटीनचा थर पाण्यात विरघळायला लागतो आणि बुरशीबरोबर चित्रही निघून येतं. आधी स्कॅन करा, आहे तशी. मग स्लाइड्स कोरड्या जागी हलवा.

लाल पडणं म्हणजे निळसर-हिरवा रंग उडालेला असतो. स्कॅन केल्यावर तो बऱ्याच अंशी परत आणता येतो, म्हणून घाई करा, अजून उडायच्या आत. कोडॅकच्या कोडाक्रोम फिल्मच्या स्लाइड्स असतील तर त्या अंधारात ठेवलेल्या असल्यास आश्चर्य वाटावं इतक्या टवटवीत निघतात. मात्र प्रोजेक्टरवर पुन्हा पुन्हा दाखवल्या असतील तर फिकट झालेल्या असतात. जी सगळ्यांची आवडती स्लाइड, तीच सगळ्यात फिकट. स्कॅनरमध्ये इन्फ्रारेडने धूळ काढायची सोय असते. ती कृष्णधवल निगेटिव्हना लावू नका, चांदीच्या कणांनाच ती धूळ समजते. कोडाक्रोमवरही तिचा भरवसा नाही. पुठ्ठ्याच्या चौकटीवरचा मजकूरही स्कॅन करा. पीव्हीसीची आणि चिकट पानांची अल्बम टाळा, पॉलिप्रॉपिलीनचे किंवा पॉलिएस्टरचे खिसे घ्या.

प्रश्न : जुन्या सोबत्याशी पैज लागली आहे. तो म्हणतो, माझ्या एका फोटोतला कडा उभा दिसावा म्हणून कॅमेरा वाकडा धरला होता. शिवाय तो फोटो उलटाही छापलाय म्हणे. कोण बरोबर?

उत्तर : तुमचा मित्र बरोबर आहे, दोन्ही बाबतींत.

उंची-उतार ठरवताना कातळ बघू नका, लटकणाऱ्या वस्तू बघा. तुमच्या कमरेचा हातोडा आणि खांद्यावरची कॅरॅबिनरची जुडी या दोन्ही फोटोच्या उभ्या कडेशी तिरक्या आहेत. दोर वाऱ्याने हलतो, पण जड हातोडा इतका हलत नाही. हातोडा सरळ खाली लोंबेपर्यंत फोटो फिरवा, म्हणजे कड्याचा खरा उतार समोर येईल. तरीही तो बऱ्यापैकी उभा आहे, निराश होऊ नका.

उलट छापल्याचं दोर सांगतो. पिळाचा दोर उभा धरला की त्याचे पदर डावीकडून उजवीकडे वर जातात. बहुतेक सगळे तीन पदरी दोर असेच वळलेले असतात. तुमच्या फोटोत पदर उजवीकडून डावीकडे वर जातायत. निगेटिव्ह पालथी धरून छापली आहे. घड्याळ कुठल्या हाताला बांधायचात ते आठवा आणि फोटोत बघा, खात्री पटेल.

प्रश्न : आम्ही चौघं कायम एकत्र चढायचो. आमच्यातला एक पुढे एका अपघातात कड्यावरच गेला. त्याची मुलगी तेव्हा फार लहान होती. आता ती मोठी झाली आहे आणि तिने वडिलांचे फोटो मागितलेत. माझ्याकडे त्या शेवटच्या दिवसाचे, सकाळचेही फोटो आहेत. काय द्यावं, काय देऊ नये, मला समजत नाही.

उत्तर : सगळं द्या. पण पाकिटात घालून पाठवू नका, समोर बसून द्या. सुरुवात त्या दिवसापासून करू नका. तो पहिल्यांदा दोराला बांधला गेला तिथून करा. तिला तुम्हीच सांगू शकता की तो कातळावर कसा वागायचा. बडबड करायचा की गप्प असायचा, कठीण जागी पाय आधी शोधायचा की हात, दुसऱ्याला बिले देताना काय बोलायचा. हे कुठल्याच फोटोत येत नाही, आणि आईलाही सांगता येणार नाही, कारण ती त्या दोरावर नव्हती.

शेवटच्या सकाळचे फोटो वेगळ्या लिफाफ्यात ठेवा आणि ते आहेत असं तिला स्पष्ट सांगा. कधी बघायचे, बघायचे की नाही, ते तिला ठरवू दे. लपवू नका. पुढे कधीतरी कळलं तर तुमच्यावरचा विश्वास जाईल, आणि तिच्या वडिलांबद्दल सांगणारं तुमच्याइतकं जवळचं दुसरं कुणी नाही.

त्याचं काही सामान तुमच्याकडे राहिलं असेल तर तेही द्या. त्याचा कॅरॅबिनर तिच्या हातात ठेवा आणि दार कसं उघडतं ते दाखवा. आणि एक करा. तुमच्या ज्या फोटोंत तुम्ही चढताय आणि दोर खाली फोटोबाहेर गेलाय, त्यांतले कित्येक तो तुम्हाला बिले देत असतानाचे असणार. तेही तिला द्या. त्या फोटोंत तो नाही असं ती म्हणेल. तो दोर कुणाच्या हातात होता ते सांगा.

प्रश्न : घरात कुणालाच रस नाही. सामान आणि फोटो एखाद्या संग्रहालयाला द्यावेत का?

उत्तर : नक्की द्या. तुरीनमध्ये पर्वतांचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, लंडनच्या १८५७ सालच्या अल्पाइन क्लबचा फोटोंचा मोठा साठा आहे, आणि अशा ठिकाणांहून पहिला प्रश्न एकच येतो : ही वस्तू कुणी, कुठल्या चढाईत वापरली? नुसता पिटॉन त्यांच्याकडे भरपूर असतो. पिटॉन, तो ज्याच्या कमरेला लटकतोय तो फोटो, चढणाऱ्याचं नाव, दोर धरणाऱ्याचं नाव, जागा आणि साल एवढं एकत्र दिलंत तर ते आनंदाने घेतील. प्रत्येक वस्तूला सुती दोऱ्याने चिठ्ठी बांधा, तोच क्रमांक फोटोमागे मऊ पेन्सिलने, कडेला, हलक्या हाताने लिहा. पेन नको, शाई पुढच्या बाजूला उतरते. नावं आठवत नसतील तर आधी सोबत्यांना फोन करा आणि मगच खोकं बंद करा.